शेवटाआधीचं भाकीत

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळच्या शिवारात घट मांडला जातो. शेतात गोल आखायचा, त्याच्या कडेने गहू, ज्वारी, तूर, उडीद, मूग, हरभरा, तीळ, करडी, सरकी अशी अठरा प्रकारची धान्यं मांडायची. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, करंजी; शिवाय पानविडा. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. सकाळी वाघ घराण्यातले महाराज येऊन बघतात की कुठलं ढेकूळ किती भिजलं, कुठला दाणा जागचा हलला, विडा होता तसाच आहे का. त्यावरून पाऊस, पिकं आणि देशाची गादी यांचं भाकीत सांगितलं जातं. चंद्रभान महाराज वाघ यांनी साडेतीनशेएक वर्षांपूर्वी ही रीत सुरू केली, असं परंपरा सांगते. भाकीत ऐकायला आजही विदर्भ-खानदेशातून शेतकरी जमतात.

याच जिल्ह्यातली, खामगाव-मलकापूरच्या कॉलेजांतली पोरं मोबाइलवर सुपरहिरोंच्या मालिका बघतात. मालिका शेवटाकडे आली की तीही असाच घट वाचायला बसतात. मागच्या भागात भिंतीवर कुठलं चित्र होतं, नायकाच्या हातातली अंगठी या भागात का नव्हती, शेजारीण ते वाक्य बोलून थांबली का? या खुणांवरून शेवटाचं भाकीत निघतं. त्याला ‘फॅन थिअरी’ म्हणतात. कथा कुठे जाणार याचा प्रेक्षकाने कथेतल्याच खुणा जोडून केलेला हा अंदाज.

कोडं असं की हे अंदाज बहुतेक वेळा चुकतात. तरीही ते मांडणाऱ्याला शेवटच्या भागापर्यंत पक्की खात्री असते आणि चुकल्यावर राग मात्र लेखकाचा येतो. असं का होतं, हे समजून घ्यायला अलीकडच्या काळातलं सगळ्यांत बोलकं उदाहरण अमेरिकन मालिकेचं आहे.

न आलेला सैतान

‘वांडाव्हिजन’ ही मार्व्हलची मालिका १५ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली आणि नऊ भागांनंतर ५ मार्चला संपली. वांडा ही अचाट शक्तीची तरुणी. तिचा जोडीदार व्हिजन आधीच्या चित्रपटात मेलेला. तरी इथे तो जिवंत, आणि दोघं वेस्टव्ह्यू नावाच्या गावात जुन्या विनोदी मालिकांसारखा संसार करताहेत. हे सगळं घडवतंय कोण, हा प्रश्न.

प्रेक्षकांनी उत्तर शोधलं: मेफिस्टो, म्हणजे मार्व्हलच्या कॉमिक्समधला सैतान. पुरावे कमी नव्हते. दुसऱ्या भागात एका बाईच्या तोंडी सैतानाचा उल्लेख असलेली इंग्रजी म्हण येते आणि शेजारीण ॲग्नेस त्यावर सूचक टोमणा मारते. ही ॲग्नेस सारखी आपल्या राल्फ नावाच्या नवऱ्याबद्दल बोलते, पण राल्फ दिसतच नाही. शिवाय १९८९ च्या कॉमिक्समध्ये वांडाच्या जुळ्या मुलांचा संबंध खरोखरच मेफिस्टोच्या आत्म्याच्या तुकड्यांशी जोडलेला होता. म्हणजे राल्फ हाच सैतान!

पाचव्या भागाच्या शेवटी दारात उभा राहिला इव्हान पीटर्स. हा नट दुसऱ्या कंपनीच्या ‘एक्स-मेन’ चित्रपटांत वांडाच्या भावाची, क्विकसिल्व्हरची भूमिका करायचा, आणि ती कंपनी २०१९ मध्ये डिस्नेने विकत घेतली होती. लगेच दुसरा अंदाज उभा राहिला की आता एक्स-मेन येणार. त्यात व्हिजनचं काम करणाऱ्या पॉल बेटनीने मुलाखतीत सांगून टाकलं की ज्याच्यासोबत काम करण्याची आयुष्यभर इच्छा होती असा एक नट यात आहे. मोठमोठ्या नटांची नावं घेतली गेली.

शेवट काय झाला? मेफिस्टो आला नाही. एक्स-मेन आले नाहीत. दारात उभा राहिलेला तरुण वेस्टव्ह्यूचाच एक साधा रहिवासी निघाला, आणि त्याचं नाव राल्फ. दोन्ही बलाढ्य अंदाज एकाच बापड्या माणसावर येऊन आपटले. बेटनी ज्या नटाबद्दल बोलत होता तो नट म्हणजे तो स्वतः, कारण शेवटी व्हिजन दोन होतात आणि दोन्ही त्यानेच केले होते. ही थट्टा त्याने पुढे कबूल केली. तोवर तिच्यावर अंदाजांचे इमले चढले होते.

पडद्यावर दाणा आपोआप हलत नाही

एवढ्या लोकांनी एवढ्याशा खुणांना इतकं वजन का दिलं? पहिलं कारण अगदी वाजवी आहे. शेतात मांडलेला दाणा वाऱ्याने, मुंगीने, उंदरानेही हलतो. मालिकेत मात्र प्रत्येक दाणा कोणीतरी हलवलेला असतो. भिंतीवरचं चित्र कलादिग्दर्शकाने निवडलेलं, वाक्य लेखकाने लिहिलेलं, कॅमेरा कुठे थांबवायचा हे दिग्दर्शकाने ठरवलेलं. रशियन कथाकार चेकॉव्ह सांगायचा की नाटकात बंदूक दाखवली असेल तर ती पुढे उडालीच पाहिजे. रहस्यकथा वाचणारा प्रत्येक जण हा नियम न शिकता शिकलेला असतो. म्हणून मालिकेत खुणा शोधणं हा वेडेपणा म्हणता येत नाही, ते कथा वाचण्याचं कौशल्यच आहे.

गडबड पुढे होते. प्रत्येक वस्तू कोणीतरी ठेवलेली असते हे खरं. पण ती रहस्यासाठीच ठेवलेली असते, हे खरं नाही. काही वस्तू विनोदासाठी असतात, काही त्या काळाचा रंग आणायला, काही निव्वळ प्रेक्षकाला चकवायला. आणि काही वस्तू सेटवर आधीच पडलेल्या असतात म्हणून. राल्फचा उल्लेख जुन्या विनोदी मालिकांतल्या न दिसणाऱ्या नवऱ्यांची नक्कल म्हणूनही चपखल बसत होता. ही साधी शक्यता कोणाला रुचली नाही, कारण ती मोठी नव्हती.

आपल्याकडे हे सगळ्यांनी अनुभवलं आहे. ‘बाहुबली’चा पहिला भाग १० जुलै २०१५ ला आला, दुसरा २८ एप्रिल २०१७ ला. मधली पावणेदोन वर्षं ‘कटप्पाने बाहुबलीला का मारलं?’ हा प्रश्न चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत फिरत होता. बाहुबलीनेच मरण मागितलं असेल, तो मेलाच नसेल, असे एकाहून एक गुंतागुंतीचे तर्क लढवले गेले. खरं उत्तर सरळ होतं: राजमाता शिवगामीची फसवणूक झाली, तिने हुकूम दिला आणि कटप्पाने तो पाळला. यातली गंमत अशी की उत्तराची किल्ली पहिल्याच भागात होती. शस्त्रांचा व्यापारी अस्लम खान कटप्पाला गुलामीतून सोडवायची तयारी दाखवतो, तेव्हा पूर्वजांनी सिंहासनाला दिलेल्या वचनात आपण बांधलेले आहोत, असं सांगून कटप्पा ती नाकारतो. अख्ख्या देशाने हा प्रसंग पाहिला होता. पण तो कटप्पाचा स्वभाव सांगत होता आणि लोक कारस्थान शोधत होते.

वाट बघण्याचा काळ

दुसरं कारण म्हणजे मोकळा वेळ. मालिकेचे सगळे भाग एका रात्रीत हाती पडले तर प्रश्न आणि उत्तर यांत दहा मिनिटांचं अंतर उरतं. ‘वांडाव्हिजन’ मात्र, पहिले दोन भाग एकत्र सोडले तर, आठवड्याला एक भाग या चालीने आली. अंदाज त्या आठवड्यात उगवतात.

बर्लिनमध्ये शिकणाऱ्या ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना छोटी छोटी कामं दिली, काही पुरी करू दिली, काही मध्येच तोडली. तोडलेली कामं लोकांच्या जास्त लक्षात राहिली. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम दर वेळी तितका ठळक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण अर्धवट राहिलेली गोष्ट मनाला टोचत राहते, एवढं मालिका बघणाऱ्या कोणालाही पटेल. मालिकावाले तर त्यावरच पोट भरतात.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात ही टोचणी एका वेगळ्या रीतीनेही वाढायची. ‘शक्तिमान’ दूरदर्शनवर १३ सप्टेंबर १९९७ रोजी सुरू झाला, तेव्हा खेड्यांत केबल नव्हती आणि दूरदर्शन हाच आधार होता. ऐन वेळी वीज गेली की भाग गेला. पुन्हा बघायची सोय नाही. ज्याच्या गावात वीज होती त्याने दुसऱ्या दिवशी शाळेत गोष्ट सांगायची, आणि सांगताना थोडी आपल्या पदरची घालायची. ऐकणाऱ्याने उरलेली भोकं स्वतः बुजवायची. तमराज किल्विशचं पुढचं कारस्थान, डॉक्टर जॅकालचा नवा प्रयोग, आणि सगळ्यांत मोठा प्रश्न: दात पुढे आलेला, चष्मा लावणारा गंगाधर हाच शक्तिमान आहे, हे इतकी हुशार पत्रकार गीता विश्वासला कळत कसं नाही? या प्रश्नावर एका पिढीने जेवढी डोकेफोड केली तेवढी बीजगणितावर केली असती तर गुरुजी धन्य झाले असते.

दोन, चार, सहा

आता खात्रीकडे वळू. अंदाज करणं वेगळं, त्याची खात्री वाटणं वेगळं.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये एक साधा खेळ प्रसिद्ध केला. समोरच्याला सांगायचं की २, ४, ६ हे तीन आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. तू आणखी तीन-तीन आकडे सुचव, ते बसतात की नाही ते मी सांगेन, आणि खात्री पटली की नियम ओळख. लोक म्हणत ८, १०, १२, बसतात. २०, २२, २४, बसतात. मग ते ठामपणे सांगत की नियम म्हणजे दोन-दोनने वाढणारे आकडे. बहुतेकांचं हे पहिलं उत्तर चुकायचं. खरा नियम एवढाच होता की आकडे चढत्या क्रमाने हवेत. १, २, ३ विचारलं असतं तर ‘तेही बसतात’ असं उत्तर आलं असतं आणि आपला नियम चुकीचा आहे हे लगेच कळलं असतं. पण आपला अंदाज मोडेल असा प्रश्न विचारायचं फार थोड्यांना सुचलं.

मेफिस्टोवाल्यांचंही हेच झालं. प्रत्येक नवा भाग ते सैतानाच्या खुणा मोजायला बघत. नऊ भागांत बघणाऱ्याला खुणा सापडणारच. ‘सैतान येणार नसेल तर या भागात काय दिसायला हवं?’ हा प्रश्न विचारला असता तर उत्तर मिळालं असतं: वांडाचं दुःख, तिने त्यापोटी गावावर केलेला अन्याय आणि त्याची कबुली. आणि मालिका पहिल्यापासून तेच दाखवत होती.

बरोबर आलेलं तेवढं लक्षात राहतं

इथे एक छोटं गणित करून बघण्यासारखं आहे. शेवटाबद्दल दहा प्रश्न घेऊ, प्रत्येकाचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. नायक मरेल का, खलनायक सुटेल का, असे. या दहा प्रश्नांच्या उत्तरांच्या वेगवेगळ्या याद्या १,०२४ होतात. तितक्या लोकांनी एकेक वेगळी यादी लिहून ठेवली तर त्यांतल्या एकाची यादी दहाच्या दहा बरोबर येणारच. त्याने काही विशेष पाहिलेलं नाही. कोणीतरी त्या यादीवर असणारच होतं. पण शेवटच्या भागानंतर सगळीकडे फिरते ती त्याचीच यादी. बाकीच्या १,०२३ याद्यांची कोणी आठवण काढत नाही.

भेंडवळच्या भाकितांबद्दल अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं हाच मुद्दा मांडत आले आहेत. पावसाबद्दलचे ‘साधारण’, ‘कमी-जास्त’ असे शब्द इतके ऐसपैस असतात की तेरा तालुक्यांच्या जिल्ह्यात कुठेतरी ते खरे ठरतातच. लोणारला ओढ बसली तरी संग्रामपूरला बरसतो. असं असलं तरी एका बाबतीत घट फॅन थिअरीपेक्षा सरस म्हणावा लागेल. भाकीत ठरल्या दिवशी, चारचौघांत, पावसाळ्याआधी सांगितलं जातं आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत छापून येतं. ज्याला पडताळायचंय त्याला सप्टेंबरअखेर पडताळता येतं. मालिकेचा चाहता आपला अंदाज दर भागाला बदलत नेतो आणि शेवटी म्हणतो, ‘मी तर आधीच सांगितलं होतं.’

तो खोटं बोलतो असंही नाही. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांचा १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याबद्दल आहे. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७२ मध्ये चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर निघाले, त्याआधी त्यांनी लोकांना विचारलं की दौऱ्यात अमुक गोष्ट घडेल याची शक्यता किती वाटते? दौरे आटोपल्यावर त्याच लोकांना विचारलं की तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलं होतं ते आठवा. ज्या गोष्टी घडल्या होत्या त्यांना आपण जास्त शक्यता दिली होती, असं लोकांना प्रामाणिकपणे आठवलं. कागदावर मात्र कमी आकडे होते. घडून गेलेली गोष्ट आपल्या जुन्या मताची आठवणच बदलून टाकते.

चौकट: अंदाज पडताळायचा असेल तर
शेवटचा भाग यायच्या आधी तो तारीख घालून कागदावर लिहावा आणि नंतर खाडाखोड करू नये. ‘काहीतरी मोठं होईल’ असं लिहिलं तर ते मोजू नये, कारण ते चुकूच शकत नाही. अंदाज कशाने खोटा ठरेल, तेही त्याच कागदावर लिहावं. मित्रांचे कागदही जपून ठेवावेत. एकट्याचा बरोबर आलेला कागद काही सांगत नाही.

शेवट आधीच ठाऊक असेल तर

मग ज्या कथेचा शेवट सगळ्यांना ठाऊक आहे तिथे काय होतं? मराठी प्रेक्षकाचे खरे महानायक इतिहासातले, आणि त्यांच्या कथांना रहस्य नसतं. झी मराठीवरच्या ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ या मालिकेत अमोल कोल्हे यांनी छत्रपती संभाजी महाराजांची भूमिका केली. २०१७ मध्ये सुरू झालेली ही मालिका २०२० मध्ये शेवटाकडे आली, तेव्हा पुढे काय होणार हे शाळकरी पोरालाही माहीत होतं: फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला कैद, मार्चमध्ये बलिदान. तरी चर्चा थांबली नाही, तिने फक्त वळण घेतलं. महाराजांचे हाल पडद्यावर दाखवावेत की नाहीत, दाखवले तर किती, घरातली लहान मुलं ते बघू शकतील का? ‘काय होईल’ची जागा ‘कसं दाखवतील’ने घेतली.

बुलढाणा जिल्ह्याला याचा आणखी जवळचा नमुना आहे. सिंदखेडराजा हे जिजाऊंचं माहेर. दर १२ जानेवारीला तिथे जन्मोत्सवाला लोटणारी गर्दी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०१९ मध्ये सोनी मराठीवर ‘स्वराज्य जननी जिजामाता’ सुरू झाली, तेव्हा अशा मुलखातला प्रेक्षक अंदाज करायला बसणारच नव्हता. तो पडताळणी करतो. जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांचा वाडा असा होता का, बोलणं असं असेल का? त्याच्याकडे उत्तर आधीच असतं, तो मालिकेची उत्तरपत्रिका तपासतो.

शेवट कळल्याने मजा जाते, हा समजही तितका पक्का नाही. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाचकांना लघुकथा दिल्या. काहींना शेवट आधीच सांगितला, काहींना नाही. शेवट आधी कळलेल्यांना कथा सरासरीने किंचित जास्तच आवडल्या. ठाऊक असलेल्याच कथांचं कीर्तन रात्रभर ऐकणाऱ्या महाराष्ट्राला हे प्रयोगाने सांगायची गरज नव्हती, पण लिखित पुरावा असलेला बरा.

शेवट मुळीच ठाऊक नसणं आणि पुरता ठाऊक असणं, या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे आणि चाहत्यांना तोच सगळ्यांत जास्त छळतो. ॲमेझॉनवरची ‘द बॉइज’ ही मालिका त्यातली. सुपरहिरो हेच गुंड असले तर काय, ही तिची कल्पना. ती गार्थ एनिस आणि डॅरिक रॉबर्टसन यांच्या कॉमिक्सवरून केली आणि ते कॉमिक्स २०१२ मध्ये पूर्ण झालं. म्हणजे शेवट दुकानात विकत मिळत होता. पण मालिकेने वाटेत इतकं बदललं की तो शेवट जसाच्या तसा लागू पडेना. कॉमिक्समध्ये मुखवट्याआडचा ब्लॅक नॉयर हा मुख्य खलनायक होमलँडरचा क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, निघतो आणि सगळा उलगडा त्यावर टेकलेला आहे. मालिकेतला नॉयर वेगळाच माणूस आहे आणि तो तिसऱ्या हंगामातच होमलँडरच्या हातून मरतो. पाचवा हंगाम शेवटचा असेल, असं निर्माते एरिक क्रिपकी यांनी २०२४ मध्ये जाहीर केल्यावर चाहत्यांसमोर अर्धी खरी आणि अर्धी रद्द झालेली प्रश्नपत्रिका होती. कॉमिक्समधलं कुठलं पान शिल्लक ठेवलंय आणि कुठलं फाडलंय, एवढाच अंदाज करायचा. तेवढ्यावर वर्षभराची चर्चा चालली.

शेवटच आला नाही तर

उरला शक्तिमान. मालिका २७ मार्च २००५ ला बंद झाली, पण सगळे धागे जुळवून बांधलेला शेवट तिला मिळाला नाही. दूरदर्शन प्रक्षेपणाचं शुल्क वाढवत गेलं आणि ते परवडेनासं झालं, असं कारण शक्तिमानची भूमिका करणारे मुकेश खन्ना यांनी नंतर मुलाखतींत सांगितलं. साडेसात वर्षं अंदाज करणाऱ्या पोरांना बरोबर की चूक हे सांगणारा भागच आला नाही.

अशा वेळी अंदाज मिटत नाहीत, कारण त्यांना खोटं ठरवायला काही उरत नाही. तोवर पोरं मोठी झाली, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेली. २०११ मध्ये शक्तिमान कार्टून होऊन आला, २०१३ मध्ये दूरचित्रवाणीपटातून आला, आणि एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने जुने भाग पुन्हा लावले. गावी परतलेल्या पस्तिशीच्या बापांना पोरांशेजारी बसून, विजेमुळे हुकलेले भाग बघायची संधी मिळाली. कित्येकांना कळलं असेल की शाळेत मित्राने सांगितलेला प्रसंग मालिकेत कधी नव्हताच.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सोनी पिक्चर्सने शक्तिमानवर मोठा चित्रपट जाहीर केला, आणि नायकाचा पोशाख कोण घालणार यावर पैजा सुरू झाल्या. रणवीर सिंगचं नाव चर्चेत आलं, तेव्हा मुकेश खन्ना यांनी २०२४ मध्ये त्याला उघड नापसंती दाखवली. चाहत्यांनी त्या नापसंतीचाही अर्थ लावायला घेतला: हा खरा विरोध की प्रसिद्धीची युक्ती?